वाट पुसत जाणं

"मॅडम, आजीच्या ओव्या काढून टाकू का? त्यांच्यामुळे टक्के वाढतायत."

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी लघुप्रबंधाचं दुसरं प्रकरण घेऊन समोर उभी होती. विषय जात्यावरच्या ओव्यांचा. तिनं स्वतःच्या आजीसमोर बसून, फोनवर आवाज टिपून घेऊन, चाळीसेक ओव्या उतरवल्या होत्या. साम्य तपासणाऱ्या यंत्रानं त्यातल्या बऱ्याच ओव्या रंगवून परत पाठवल्या होत्या, कारण त्या कुठल्या ना कुठल्या संग्रहात आधीच छापलेल्या आहेत. आजी शाळेत गेलेली नाही. तिनं तो संग्रह पाहिलेलाही नाही. ओवी तिला तिच्या आईकडून आली. तरी अहवालाच्या भाषेत आजीचे शब्द उसने ठरले आणि नातीला ते काढून टाकावेसे वाटले.

त्याच प्रकरणात, दोन पानं पुढे, एका जुन्या अभ्यासकाचं संपूर्ण प्रतिपादन तिनं शब्द बदलून उतरवलं होतं. 'स्त्रीमनाचा आविष्कार' याचं 'बाईच्या अंतःकरणाचं प्रकटीकरण' झालं होतं, 'सामूहिक' होतं तिथे 'समुदायाचं' आलं होतं. विचार त्या अभ्यासकाचा, क्रम त्याचा, उदाहरणंही त्याचीच. नाव मात्र कुठेच नाही. तिथे यंत्रानं एकही शब्द रंगवलेला नव्हता.

ती मुलगी लबाड नाही, हे मला ठाम सांगायचंय. 'फिरवून लिही', 'आपल्या शब्दांत लिही' असंच तिला शाळेपासून सांगितलं गेलं. दुसऱ्याचं घेतलं तर ते कसं घ्यायचं, घेतल्याचं कसं सांगायचं आणि मग त्यावर आपलं काय उभारायचं, हे तिला कोणी शिकवलं नाही. आम्हीही नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियम केले. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा. ४० ते ६० असेल तर वर्षभर तो सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर गेला तर नोंदणीच रद्द. नियम वाईट हेतूनं केलेले नाहीत. प्रबंधांची उघडउघड नक्कल चालली होती, तिला कुठेतरी अडवायला हवंच होतं. या नियमांत आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे: ज्यांचा स्रोत रीतसर सांगितला आहे ती अवतरणं या मोजणीत धरायची नाहीत. म्हणजे नाव देऊन घेतलेल्या शब्दांना नियमाचा आक्षेपच नाही. पण वर्गापर्यंत पोचतो तो फक्त आकडा. आकडा कानावर पडला की मुलं लेखनाऐवजी आकड्याचाच विचार करू लागतात.

मला वाटतं, आपण प्रश्नच चुकीचा विचारतो आहोत. 'किती घेतलं' याला फारसा अर्थ नाही. घेतलेलं दिसतंय का, आणि घेऊन पुढे काय केलं, हे विचारायला हवं.

पंढरीच्या वाटेवर किंवा गावच्या सप्ताहात बसून एखादं वारकरी कीर्तन ऐका. कीर्तनकार एक अभंग घेतो, बहुधा तुकोबांचा. तो त्याचा स्वतःचा नसतो. पुढचे दोन तास त्याच अभंगाच्या चरणांवर चिंतन चालतं आणि दर चार वाक्यांनंतर 'प्रमाण' येतं: "माउली म्हणतात…", "नाथबाबा म्हणतात…", "तुकोबाराय सांगतात…". निम्म्याहून अधिक शब्द दुसऱ्यांचे असतात. कुठलंही यंत्र लावलं तर कीर्तनकार साठ टक्क्यांच्या वर जाईल. पण समोरच्या मांडवात बसलेल्या शेतकऱ्याला नेमकं माहीत असतं की कुठे तुकोबा संपले आणि कुठे महाराज सुरू झाले. दोन कीर्तनकार एकाच अभंगावर उभे राहिले तर दोन वेगळी कीर्तनं होतात, आणि लोक घरी जाताना चर्चा करतात ती या वेगळेपणाची. ज्याच्यापाशी नुसती प्रमाणं आहेत, चिंतन नाही, त्यालाही लोक बरोबर ओळखतात.

दुसऱ्याच्या शब्दांवर आपलं कसं उभारावं, याचा इतका जिवंत वस्तुपाठ आपल्या गावागावांत आहे, आणि आम्ही भाषेचे शिक्षक संदर्भ कसे द्यावेत ते परदेशी पद्धतींच्या पुस्तिकांतून शिकवतो. त्या पुस्तिकांना माझा विरोध नाही. स्वल्पविराम कुठे द्यायचा ते त्यांतून कळतं. द्यायचा कशासाठी, ते कीर्तनात कळतं.

ज्ञानेश्वरांनी गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या उभारल्या. अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे ते स्वतःच्या कामाविषयी बोलतात. राजहंसाची चाल डौलदार असते म्हणून इतर कुणी चालूच नये की काय, असं विचारतात आणि पुढे म्हणतात, "तैसा व्यासाचा मागोवा घेतु । भाष्यकारांतें वाट पुसतु । अयोग्यही मी न पवतु । कें जाईन ॥" व्यासांच्या पावलांचा माग काढत, आधीच्या भाष्यकारांना वाट विचारत मी निघालो, अयोग्य असलो तरी पोचणार नाही तर जाईन कुठे?

या ओवीतली नम्रता सगळेच सांगतात. मला तिच्यातला आत्मविश्वास जास्त दिसतो. ज्याला पोचायची खात्री आहे तोच मोकळेपणानं वाट विचारतो. भाष्यकारांना वाट विचारली म्हणून ज्ञानेश्वरांचं काही कमी झालं नाही. भाष्यकारांच्या ग्रंथांत नसलेली उपमांची सृष्टी त्यांनी मराठीत उभी केली. आणि ग्रंथ संपवताना, शके १२१२ चा (म्हणजे १२९० सालचा) उल्लेख करताना, ज्यानं तो उतरवून घेतला त्या सच्चिदानंदबाबांचंही नाव ओवीत घातलं. लेखणी धरणाऱ्याचंही नाव!

हे एकट्या ज्ञानेश्वरांचं वैशिष्ट्य नव्हे. जनाबाईंच्या नावावर असलेला एक अभंग आहे, त्यात कुणाचे बोल कुणी लिहून घेतले याची यादीच आहे. निवृत्तीचे सोपानानं लिहिले, मुक्ताईचे ज्ञानदेवांनी, सावता माळ्याचे काशिबा गुरवानं, चोखामेळ्याचे अनंतभट्टानं. आणि नामयाच्या जनीचे खुद्द पांडुरंगानं. शेवटच्या ओळीतली भक्ती बाजूला ठेवली तरी उरतं ते विलक्षण आहे. लिहिणाऱ्या हातांचीही आठवण राहावी, असं कुणाला तरी वाटलं आणि त्याचं काव्य झालं. एका दासीच्या नावावर ते आज आपल्यापर्यंत आलंय.

इथे एक युक्तिवाद नेहमी पुढे केला जातो. मी तो चर्चासत्रांत ऐकलाय, जेवणाच्या पंगतीतही ऐकलाय. 'आपल्या परंपरेत मालकी नव्हतीच. संतांनी एकमेकांचं घेतलं, कुणी कुणाची परवानगी मागितली नाही. वाङ्मयचौर्य ही पाश्चात्त्यांची कल्पना. आपण ती उगाच डोक्यावर घेतली.' ऐकायला हे उदार वाटतं. पण खरं नाही, आणि ज्यांच्या नावानं सांगितलं जातं त्या संतांवर अन्यायही करणारं आहे.

नाथांचंच पाहा. एकनाथांनी १५७३ साली काशीत भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पुरी केली. म्हणजे दुसऱ्याच्या ग्रंथावर आपला ग्रंथ उभारणं त्यांना पूर्ण मान्य होतं. त्यांचं आयुष्य त्यातच गेलं. त्यानंतर अकरा वर्षांनी, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी पाठ बिघडवले होते. नाथांनी लिहिलं की ग्रंथ मुळात अतिशुद्धच आहे, पाठांतरामुळे त्यात अशुद्ध शिरलं, ते शोधून मी ही प्रत सिद्ध केली. स्वतः काय केलं आणि काय केलं नाही, याची ही इतकी चोख नोंद आहे की आजच्या संपादकांनी ती पाठ करावी. आणि मग ती प्रसिद्ध ओवी: "ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥" या पाठात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजा.

जो माणूस हजारो ओव्या दुसऱ्याच्या श्लोकांवर रचतो, तोच दुसऱ्याच्या ग्रंथात एक ओवी घालायला ठाम नकार देतो. मला यात विसंगती दिसत नाही, नियम दिसतो. शेजारी घर बांधा, हवं तेवढं मोठं बांधा, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून बांधा. पण त्याच्या घरात गुपचूप राहायला जाऊ नका, आणि त्याची खोली आपल्या घरात जोडून घेऊन दारावर आपली पाटी लावू नका. नाथांची स्वतःची पाटी काय होती? 'एका जनार्दनीं'. आपल्या नावाच्या आधाराला गुरूचं नाव. सही करतानाही ऋण सांगणारी ही मुद्रिका, म्हणजे कवीच्या नावाची खूण आहे.

तुकोबांच्या बाबतीत तर हे आणखी उघड आहे. "करितों कवित्व म्हणाल हें कोणी । नव्हे माझी वाणी पदरींची" असं ते म्हणतात. नामदेवांनी स्वप्नात येऊन कवित्व करायला सांगितलं, असं स्वतःच नोंदवतात. "फोडिलें भांडार धन्याचा हा माल । मी तंव हमाल भारवाही" हेही त्यांचंच. इतकी निर्लेप वृत्ती असलेल्या माणसाला कुणी आपलं काव्य उचललं तर काय फरक पडणार, असं वाटेल. पण सालोमालो नावाच्या एका हरिदासानं तुकोबांच्या अभंगांना आपली मुद्रिका लावली, असं परंपरा सांगते, आणि गाथेत त्याच्यावरचा अभंग आहे: "म्हणती एकाचें आपुलें", "मोडूनि संतांचीं वचनें । करिती आपणां भूषणें". दुसऱ्या एका ठिकाणी ते अशा कवित्वाला उष्ट्या पत्रावळींची उपमा देतात. पंगत उठल्यावर उरलेल्या पत्रावळी गोळा करून मांडणं, ही प्रतिमा इतकी जहाल आहे की ज्याला लागायची त्याला ती पुरेशी लागावी.

'धन्याचा माल' म्हणणारा माणूसच मुद्रिका बदलणाऱ्यावर संतापतो, याचं कारण सोपं आहे. हमालाचं काम माल नीट पोचवण्याचं असतं. मधेच कुणी पेटीवरची चिठ्ठी फाडली तर माल कुठून आला ते घेणाऱ्याला कळत नाही. त्यात नुकसान होतं ते वाचणाऱ्याचं, ऐकणाऱ्याचं. तो मागे जाऊन मूळ गोष्ट पाहू शकत नाही, पडताळू शकत नाही, तिच्याशी भांडू शकत नाही. म्हणून नाव देणं हा मूळ लेखकाला भरलेला कर आहे, असं मी मानत नाही. ती वाचकाला दाखवलेली वाट आहे.

मुद्रिकेविषयी आणखी एक. 'जनी म्हणे', 'चोखा म्हणे' हे शब्द अभंगाच्या आतच विणलेले आहेत. सोयराबाई तर स्वतःला 'चोखियाची महारी' म्हणून त्या चरणात उभी करते. पोथी हरवो, नकलाकार बेफिकीर असो, गाणाऱ्याला लिहिता-वाचता येत नसो, नाव अभंगाबरोबरच चालत राहतं. ज्या समाजानं चोखोबांना देवळाच्या पायरीवर थांबवलं, त्याच समाजाला सातशे वर्षं त्यांचं नाव उच्चारल्याशिवाय त्यांचा अभंग म्हणता आलेला नाही. 'नाव काय करायचंय, विचार महत्त्वाचा' असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं. ज्यांचं नाव कुणीही सहज पुसू शकतं, त्यांना नावाची किंमत जास्त ठाऊक असते.

आता दुसरी बाजू. परंपरेच्या नावानं उचलेगिरी झाकणारे जसे आहेत, तसे अस्सलपणाचं अवडंबर माजवणारेही आहेत. 'अमक्यानं तमक्याचं उचललं' एवढ्यावर एखादं नाटक, एखादी कथा निकालात काढणारी टीका मला तितकीच उथळ वाटते. १६६० साली फ्रेंच नाटककार मोलिएरनं संशयी नवऱ्यावर एक प्रहसन लिहिलं. १७६१ मध्ये आर्थर मर्फीनं त्याच्या आधारे इंग्रजी नाटक केलं. त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी नाटक रचलं आणि १९१६ साली ते 'संशयकल्लोळ' म्हणून संगीत रूपात रंगभूमीवर आलं. हरवलेल्या तसबिरीचा घोटाळा पॅरिसहून लंडनमार्गे आपल्याकडे आला. पण फाल्गुनराव आणि कृत्तिका, अश्विनशेठ आणि रेवती, भादव्या ही महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं कुठून आली? तो संवादाचा ठसका, ती पदं? तो संशय खाणारा गृहस्थ आपल्याच गल्लीत राहतो असं आजही प्रेक्षकाला का वाटतं? हे सगळं देवलांचं. बीज दुसरीकडचं असलं तरी माती, पाणी आणि मशागत इथली आहे. अशा झाडाला 'परकं' म्हणणारा माणूस शेती न पाहिलेला असावा.

म्हणून 'घेतलं' हा शब्द ऐकून दचकायचं कारण नाही. मर्ढेकरांनी गिरणीच्या आणि यंत्राच्या जगातलं दुःख अभंगाच्या चालीत बसवलं, तेव्हा त्यांनी तळटीप दिली नाही. द्यायची गरजही नव्हती. ती चाल ओळखली जावी हाच तर त्यांचा हेतू होता. ओळखली नाही तर कविता अर्धी मरते. गझलेतही 'तरही' लिहिताना दुसऱ्या कवीची ओळ घेऊन तिच्यावर आपले शेर बांधतात, आणि ओळ कुणाची ते सगळ्या मैफलीला ठाऊक असतं. मी मुलांना हीच खूण सांगते. वाचकानं मूळ ओळखलं तर तुला आनंद होईल की भीती वाटेल? आनंद होणार असेल तर खुशाल घे. भीती वाटत असेल तर थांब आणि नाव लिही.

कायदा या बाबतीत थोडंच करू शकतो, आणि ते बरंच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं साहित्यकृतीला लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण दिलं आहे. परीक्षणासाठी, समीक्षेसाठी रास्त प्रमाणात उतारा घ्यायला तो मोकळीक देतो. त्याच कायद्याचं ५७ वं कलम मला फार मोलाचं वाटतं: लेखकानं सगळे हक्क विकून टाकले तरी 'हे माझं आहे' असं म्हणण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. पण कल्पनेवर हक्क सांगता येत नाही. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. त्यांच्या नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा चित्रपट बेतला, अशी त्यांची तक्रार होती. विषय, कल्पना, कथासूत्र यांवर मालकी नसते, ती असते मांडणीवर, असं न्यायालय म्हणालं आणि त्यांचा दावा टिकला नाही. मला हा निकाल योग्य वाटतो. कल्पनांवर कुंपण पडलं असतं तर देवलांचं नाटक झालं नसतं, अर्ध्याहून अधिक मराठी साहित्य झालं नसतं.

मात्र याचा अर्थ असा की विचारांचं ऋण कायद्याच्या बाहेरच राहतं. शब्द चोरले तर न्यायालय आहे, टक्के आहेत, समित्या आहेत. एखाद्याची वर्षानुवर्षांची समज चार ओळींत उचलून आपली म्हणून मांडली तर कुणीही पकडत नाही. माझ्या विद्यार्थिनीनं अजाणता नेमकं हेच केलं होतं. आणि जाणत्यांपैकी कितीजण ते जाणूनबुजून करतात! संशोधन क्षेत्रात वावरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही: तरुण संशोधकानं गावोगाव फिरून सामग्री जमवायची आणि तिच्यावरचा निबंध ज्येष्ठाच्या नावावर यायचा. माझ्याही वाट्याला हे एकदा आलंय. तेव्हा मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची सल अजून आहे, म्हणूनही हा लेख लिहिते आहे.

हे जुनं दुखणं आहे. मराठीचा अभ्यास करणारा कुणीही आजही मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाशिवाय पुढे जात नाही. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. मुखपृष्ठावर मोल्सवर्थ आणि साहाय्यक म्हणून कँडी बंधू. शब्द गोळा करायचं, निवडायचं, अर्थ लावायचं प्रचंड काम शास्त्रीपंडितांनी केलं. मुखपृष्ठावर ते नाहीत. मोल्सवर्थची थोरवी यानं कमी होत नाही. कोशाची वाट मात्र अर्धीच दिसते. आणि त्या पंडितांना तरी ज्यांच्या तोंडून शब्द मिळाले ते कुणबी, सुतार, कोळी, त्यांच्या घरातल्या बायका? त्यांची तर कुठेच नोंद नाही.

लोकगीतांच्या बाबतीत आपण हेच करत आलो. खाली 'पारंपरिक' असं लिहिलं की मोकळे. 'पहिली माझी ओवी' या शब्दांवर कुणाचीच मालकी नाही, हे खरं. ते सगळ्या बायांचं सामाईक भांडवल आहे. पण त्यापुढे जी ओळ येते, माहेरच्या वाटेची, भावाच्या न येण्याची, मेलेल्या लेकराची, ती कुणीतरी एका पहाटे, एका जात्यावर, प्रथम म्हटलेली असते. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि गाणारीचं नाव, तिचं गाव जपून ठेवलं. आता त्या ऐकताना गाणारी बाई आपल्याला भेटते. एवढ्या एका शिस्तीनं 'लोक' या धूसर शब्दातून माणसं बाहेर आली.

आज फोनवर जे चाललंय ते याच्या उलट आहे. कुणाची तरी कविता येते, खाली नाव नसतं. किंवा नाव असतं पण भलत्याचंच. पु. ल. आणि व. पु. यांच्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेले परिच्छेदच्या परिच्छेद फिरतात. नाव पुसणं जितकं वाईट, तितकंच खोटं नाव चिकटवणं. दोन्हींत वाट मोडते. जिवंत कवीची अख्खी कविता नाव देऊन पाठवली तरी भागत नाही, हेही सांगायला हवं. चार ओळी द्या, संग्रहाचं नाव सांगा, बाकी वाचकाला शोधू द्या. मराठी कवितासंग्रहाची छोटीशी आवृत्ती खपायला वर्षं लागतात, आणि तीच कविता आठवड्याभरात शेकडो गटांवर पोचलेली असते.

आता तर मजकूर तयार करून देणारी यंत्रंही आली आहेत. त्यांच्याकडून लिहून घेतलेल्या प्रकरणाचं साम्य अगदी थोडं भरू शकतं. साम्य नाही, आणि मुलाचं स्वतःचंही काही नाही. टक्क्यांनी जे मोजायचं होतं ते टक्क्यांना मोजता येत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा?

शाळेपासून सुरुवात करावी लागेल. आपल्याकडे निबंधाची तयार पुस्तकं मिळतात. मूल 'माझी आई' हा निबंध त्यातून पाठ करतं, परीक्षेत उतरवतं आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात. आई त्याची, शब्द पुस्तकाचे. दहा वर्षं ज्याला आपण याचंच बक्षीस दिलं, त्याला विद्यापीठात आल्यावर एकदम चोर ठरवायचं, हे मला पटत नाही. सातवीतल्या मुलाला एवढंच सांगून पाहावं: तुला आवडलेलं एक वाक्य कुठूनही आण, कुणाचं ते लिही, आणि मग ते तुला का पटतं किंवा का पटत नाही यावर दहा ओळी लिही. मी पाहुणी म्हणून एका शाळेत गेले तेव्हा हा प्रयोग करून पाहिला. एका मुलानं एसटीच्या मागे लिहिलेलं वाक्य आणलं होतं आणि खाली गाडीचा नंबर दिला होता. त्याला संदर्भ देणं पूर्ण कळलं होतं.

विद्यापीठात मार्गदर्शकांनी टक्क्यांचा अहवाल पाहण्याआधी विद्यार्थ्याला समोर बसवून तीन प्रश्न विचारावेत: हे तुला कुणाकडून कळलं? त्यांचं कुठे पटलं नाही? तू त्यात काय घातलंस? पंधरा मिनिटं लागतात. 'अमुक म्हणतात, तमुक म्हणतात' अशी नुसती माळ ओवणारा प्रबंधही यात उघडा पडतो आणि फिरवून लिहिलेलाही. आमच्यावर कामाचा बोजा आहे, मुलांची संख्या मोठी आहे, हे मला ठाऊक आहे. तरी हे काम यंत्राकडे सोपवता येणारं नाही.

त्या मुलीला मी हेच तीन प्रश्न विचारले. अभ्यासकाचं नाव तिनं लगेच घातलं, मग म्हणाली, "पण मॅडम, ते म्हणतात तसं आजीच्या ओव्यांत नाहीये. आजीच्या ओव्यांत भावापेक्षा शेजारीणच जास्त येते." मी म्हटलं, हेच लिही. तिनं दुसरं प्रकरण पुन्हा लिहिलं आणि ते आधीच्यापेक्षा सात पानांनी मोठं झालं.

ओव्या तशाच राहिल्या. शेवटी ती तळटीपेवर अडली. आजीचं नाव सासरचं लिहायचं की माहेरचं? ओवी तर तिला माहेरी मिळाली, लग्नाआधी, तिच्या आईकडून. आईचं नाव? ते घरात कुणालाच आठवेना. तिनं आजीला फोन लावला. आजीनं आईचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि विचारलं, हे कशाला हवंय. मुलगी म्हणाली, छापायचंय. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग आजीनं आणखी दोन नावं सांगितली: दळायला सोबत बसणाऱ्या शेजारणींची.